वीस तारखेला ब्राउझर का अडतो?

महिन्याची २० तारीख. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. बोईसरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटच्या ऑफिसात अकाउंटंटच्या पडद्यावर टॅली उघडी आहे, एक्सेलच्या तीन शीट आहेत आणि ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, पीएफ, मेल, व्हॉट्सॲप वेब असे टॅब दाटीवाटीने बसलेत. इतके, की टॅबवरची नावं दिसेनाशी होऊन नुसती चित्रं उरलीत. चलनाच्या पानावर बटण दाबलं आणि पडदा पांढरा. गोल फिरतंय, फिरतंय, आणि शेवटी क्रोम म्हणतो, 'ऑ, स्नॅप!'

या विषयावर तुमचे प्रश्न वरचेवर येतात. पालघरच्या सेवा केंद्रांतून, सफाळे-केळव्याच्या विद्यार्थ्यांकडून, तारापूरच्या केमिकल युनिटांतून. शब्द वेगळे, गोंधळ तोच. ब्राउझर एकटाच तीन-तीन जीबी मेमरी खातो, व्हायरस शिरलाय का? रॅम वाढवू का? यूट्यूबवर सांगतात तो क्लीनर टाकू का? बहुतेकांसाठी उत्तरं अनुक्रमे 'नाही', 'इतक्यात नको' आणि 'मुळीच नको' अशी आहेत. कारणं पुढे देतो.

मेमरी भरलेली दिसते म्हणजे काय?

चिंचणी-तारापूर-डहाणू पट्ट्यात घरोघरी डायमेकिंग चालतं. डायमेकरच्या पुढ्यातलं टेबल म्हणजे तुमची रॅम आणि पाठीमागचं कपाट म्हणजे डिस्क, असं समजा. हत्यारं टेबलावर मांडलेली असली की हात भराभर चालतो. टेबल मोकळं ठेवून कुणाचा फायदा होत नाही. पण टेबल पूर्ण भरलं की पंचाईत. एक वस्तू घ्यायची तर दुसरी कपाटात ठेवायची, ती लागली की पुन्हा उठायचं. कॉम्प्युटर हँग होतो तो या उठबशीत.

त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ७० टक्के भरलेली दिसली तर घाबरू नका. उठबस सुरू झाली आहे का, एवढंच पाहायचं.

आता ब्राउझरला इतकी जागा का लागते? २००८ मध्ये क्रोम आला तेव्हापासून त्याने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायला घेतले, म्हणजे एक टॅब कोसळला तर बाकीचे वाचतात. पुढे जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली 'स्पेक्टर' नावाची त्रुटी उघड झाली. एकाच प्रोसेसमध्ये बसलेली एक वेबसाइट दुसरीची गुपितं वाचू शकेल, असा तो धोका होता. त्यावर उपाय म्हणून क्रोमच्या ६७व्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरवर प्रत्येक साइटला वेगळी खोली मिळाली. यामुळे मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागते, हे गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. तुमच्या बँकेचा टॅब आणि शेजारचा जाहिरातींनी भरलेला टॅब यांच्यातल्या भिंतीचं हे भाडं. माझ्या मते रास्त आहे.

उठबस चालू आहे का, ते असं पाहा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. काम ऐन भरात असताना पाहा. सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या पाहून काही कळत नाही.

- 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे दिसतात. पहिला दुसऱ्याच्या अगदी जवळ पोचला असेल तर प्रोग्रॅम कोसळण्याची वेळ आली आहे.
- शेजारी 'डिस्क' पाहा. तुम्ही काहीही कॉपी करत नसताना ती सतत १०० टक्क्यांवर असेल आणि मेमरीही ९० च्या वर असेल, तर तीच ती उठबस.
- 'कॅश्ड' हा आकडा मोठा असेल तर आनंद माना. ती जागा विंडोज लागेल तेव्हा लगेच सोडते.

मेमरी ८५ टक्के आहे, पण डिस्क शांत आहे आणि काम अडत नाही? मग हा लेख इथेच मिटवलात तरी चालेल.

खादाड टॅब शोधा

विंडोजचा टास्क मॅनेजर ब्राउझरच्या नावाने एकच मोठा आकडा दाखवतो. कोणता टॅब किती खातो ते मात्र ब्राउझरलाच विचारावं लागतं. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हींत शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. 'मेमरी' या मथळ्यावर क्लिक केलं की मोठे आकडे वर येतात.

साधं मजकुराचं पान शंभर-दीडशे एमबीच्या आसपास राहतं. मेल, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन शीट यांना काही शे एमबी लागतात, त्यात वावगं काही नाही. एखादा टॅब एक जीबीच्या पुढे गेला असेल तर तो संशयित. त्याला निवडून तिथल्या तिथे बंद करता येतं. चुकून भलताच टॅब गेला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत आणा, फक्त त्यातला अर्धवट भरलेला फॉर्म परत येईलच असं धरू नका.

याच यादीत 'एक्स्टेन्शन' अशी सुरुवात असलेल्या ओळीही दिसतील. कूपन शोधणारं, स्क्रीनशॉट घेणारं, पीडीएफ बदलणारं, कुणीतरी कधीतरी टाकून ठेवलेलं. यांतली कितीतरी तुम्ही गेल्या वर्षभरात एकदाही वापरलेली नसतात. काढून टाका. अपवाद फक्त चांगल्या जाहिरातरोधकाचा: तो स्वतः थोडी मेमरी घेतो, पण जाहिरातींनी भरलेल्या पानांवर त्याहून जास्त वाचवतो.

डॅशबोर्ड दिवसरात्र चालू असेल तर

तारापूरच्या केमिकल आणि औषधी युनिटांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. सांडपाण्याचे ऑनलाइन आकडे, बॉयलरचं तापमान, गेटवरचे सीसीटीव्ही असं सगळं आता ब्राउझरमध्येच दिसतं. टॅब सोमवारी पहिल्या पाळीला उघडतो आणि शनिवारपर्यंत कुणी त्याला हात लावत नाही. अशा पानावर दर काही सेकंदांनी नवा आकडा येतो, आलेख पुढे सरकतो. पान नीट लिहिलेलं असेल तर जुने आकडे टाकून दिले जातात. नसेल तर ते मेमरीत साठत राहतात आणि टॅब दिवसागणिक फुगतो. यालाच मेमरी लीक म्हणतात. गुरुवारी रात्रपाळीला पडदा गोठतो आणि गोठलेल्या आकड्याकडे पाहून ऑपरेटर समजतो, सगळं ठीक आहे. खरा धोका हा आहे.

उपाय साधा आहे. पाळी बदलताना, म्हणजे दिवसातून तीनदा, तो टॅब एफ-५ दाबून पुन्हा लोड करा आणि पाळीच्या वहीत तशी नोंद ठेवा. आठवड्यातून एकदा ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. जमलं तर डॅशबोर्डसाठी वेगळा कॉम्प्युटर ठेवा. निदान त्यावर कुणी यूट्यूब लावू नये इतकी शिस्त पाळा. आणि टॅब सतत फुगतोच असं दिसलं, तर शिफ्ट-एस्केपच्या यादीचे सकाळ-संध्याकाळचे फोटो काढून सॉफ्टवेअर देणाऱ्याला पाठवा. 'स्लो चालतंय' या तक्रारीला उत्तर मिळत नाही. तीन दिवसांत आकडा ३०० एमबीवरून २ जीबीवर गेला असं दाखवलंत, तर टाळाटाळ करणं त्यालाही अवघड जातं.

१६ जीबी रॅम असूनही एकच टॅब 'आउट ऑफ मेमरी' म्हणून पडतो, असंही काही जण विचारतात. क्रोममध्ये एका पानाच्या जावास्क्रिप्टला मिळणाऱ्या जागेवर साधारण ४ जीबीची मर्यादा आहे. वर्षभराचा डेटा एकाच पानावर मागवलात तर रॅम कितीही असली तरी हे होईल. महिन्या-महिन्याने मागवा.

सेटिंग्जमध्ये काय बदलायचं

क्रोममध्ये 'सेटिंग्ज' आणि मग 'परफॉर्मन्स' इथे 'मेमरी सेव्हर' आहे. चालू करा आणि मधला, संतुलित पर्याय ठेवा. बराच वेळ न वापरलेले टॅब तो झोपवतो आणि तुम्ही त्यांच्यावर गेलात की पुन्हा लोड करतो. एजमध्ये हीच सोय 'स्लीपिंग टॅब्ज' नावाने मिळते. फायरफॉक्स विंडोजवर मेमरी कमी पडू लागली की आपणहून टॅब उतरवतो.

यात एक मेख आहे. झोपलेला टॅब उठताना पान नव्याने मागवतो आणि तोवर पोर्टलने तुम्हाला बाहेर काढलेलं असू शकतं. नेटवर्क गेलं असेल तर पानच येत नाही. डहाणू लोकलमध्ये लॅपटॉप उघडणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. म्हणून त्याच सेटिंगमध्ये 'या साइट नेहमी चालू ठेवा' अशी यादी असते, तिच्यात तुमचं पोर्टल, बँक आणि डॅशबोर्ड घाला. अर्धवट भरलेला फॉर्म, चालू डाउनलोड, जोडलेलं यूएसबी उपकरण असेल तर क्रोम सहसा टॅब झोपवत नाही. तरी 'सहसा'वर रिटर्न सोडू नये.

ब्राउझर बंद केल्यावरही तो मागे चालू राहतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं. 'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टिम'मध्ये बंद केल्यानंतर पार्श्वभूमीत चालू राहण्याचा पर्याय असतो, तो काढा. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट'ही बंद करा.

कामासाठी वेगळी प्रोफाइल करून ठेवा, असं मी आग्रहाने सांगतो. तिच्यात एक्स्टेन्शन कमीत कमी, बुकमार्क फक्त पोर्टलचे. रिटर्न भरताना घरची प्रोफाइल पूर्ण बंद करायची; दोन्ही उघड्या ठेवल्यात तर उलट मेमरी जास्त जाईल.

फोनवरून फॉर्म भरताना

जव्हार-मोखाड्यापासून पालघरपर्यंत अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीचा अर्ज हे सगळं अनेक घरांत फोनवरूनच होतं. तक्रार ठरलेली: 'ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेलो, परत आलो तर फॉर्म कोरा.' पोर्टलला शिव्या घालण्याआधी हे वाचा. कमी रॅमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तुम्ही दुसरं ॲप उघडलं की जागा करण्यासाठी मागचा ब्राउझर उतरवला जातो. परत येता तेव्हा पान पहिल्यापासून लोड होतं.

- ओटीपी वरून खाली ओढलेल्या सूचनेत वाचा, मेसेज ॲप उघडू नका.
- कागदपत्रांचे फोटो आधीच काढून, आकार कमी करून गॅलरीत ठेवा. फॉर्ममधूनच कॅमेरा उघडलात तर ब्राउझर हमखास मार खातो, कारण कॅमेरा हे मेमरी खाणारं ॲप आहे.
- फॉर्मला बसण्याआधी फोन एकदा बंद करून सुरू करा आणि ब्राउझरमधले जुने टॅब काढा. पन्नास-साठ टॅब साठवलेले फोन मी पाहिलेत. त्यांतले निम्मे क्रिकेटचे स्कोअर होते.
- प्रत्येक पानावर 'सेव्ह' असेल तर दाबत जा. लांब मजकूर आधी नोट्समध्ये लिहा, मग चिकटवा.

फोनच्या जाहिरातीत '४ जीबी + ४ जीबी' असं लिहिलेलं असतं. त्यातली दुसरी ४ जीबी म्हणजे कपाटाचा एक कप्पा, टेबल नव्हे. ८ जीबीचा फोन समजून पैसे मोजू नका.

हे करू नका

रॅम क्लीनर आणि बूस्टर. ते बटण दाबताच आकडा खाली येतो, म्हणून माणूस खूश होतो. प्रत्यक्षात टेबलावरचं सगळं कपाटात कोंबलेलं असतं आणि पुढच्या क्लिकला तेच परत काढावं लागतं. वर काही क्लीनर मागे चालणारे प्रोग्रॅम मारून टाकतात. डिजिटल सहीसाठी लागणारा एमसाइनर असा बंद पडला की डीएससी टोकन लावलेलं असूनही सही होत नाही, आणि अकाउंटंट यूएसबी पोर्ट बदलत बसतो.

'साइट आयसोलेशन बंद करा, क्रोम उडेल' हा सल्लाही व्हिडिओंमध्ये फिरतो. ज्या कॉम्प्युटरवरून तुम्ही बँक आणि जीएसटी चालवता, त्यावर ही भिंत पाडू नका. पेजिंग फाइल बंद करण्याचा सल्ला त्याच पंक्तीतला. ती बंद केलीत तर मेमरी संपताच प्रोग्रॅम थेट पडतील.

ब्राउझरच्या कोपऱ्यात अचानक 'तुमची मेमरी धोक्यात, या नंबरवर फोन करा' अशी सूचना आली तर ती ब्राउझरची नाही, कंपनीचीही नाही. कधीतरी एखाद्या साइटला सूचनांची परवानगी दिली गेलेली असते, ती 'सेटिंग्ज'मधून काढा. फोन केला असेल, कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल किंवा पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर सायबर तक्रार नोंदवा.

विंडोज ७ वर अजून काम चालू असलेली कॉम्प्युटरं आपल्याकडे मशीनशेजारी सापडतात. तिथे क्रोम १०९व्या आवृत्तीवर थांबला आहे. त्यावर बँक उघडू नका, इतकंच सांगतो.

पैसे कापले गेले आणि टॅब मेला तर

पहिली गोष्ट: पुन्हा पैसे भरू नका. आधी बँकेचा मेसेज किंवा पासबुक पाहा, मग पोर्टलवर लॉगिन करून व्यवहाराची स्थिती पाहा.

- जीएसटी चलन: खात्यातून रक्कम गेली पण सीआयएन तयार झाला नाही, तर २४ तास थांबा आणि मग पोर्टलवर पीएमटी-०७ हा तक्रारीचा अर्ज भरा.
- यूपीआय किंवा कार्ड: रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले पण घेणाऱ्याकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती मागण्यासाठी तुम्ही अर्ज करावा अशी अट नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८.
- सेवा केंद्रातला अर्ज: अर्ज क्रमांक हातात आला तरच अर्ज झाला. 'सिस्टिम हँग झालं, उद्या या' असं सांगितलं तर पैसे दिल्याची पावती मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली सेवेची मुदत मोजायची तर हाच क्रमांक लागतो.

रॅम घ्यायचीच असेल तर

वरचं सगळं करूनही 'कमिटेड'चा आकडा काठावर आणि डिस्क शंभरावर राहत असेल, तर रॅम खरंच कमी पडते आहे. ४ जीबीत एका वेळी एक पोर्टल धड चालतं, त्याहून जास्त अपेक्षा नको. घरच्या वापराला आणि विद्यार्थ्याला ८ पुरतात. टॅली, एक्सेल, वीस-तीस टॅब आणि मधूनच व्हिडिओ मीटिंग असा संसार असेल तर १६ घ्या. निव्वळ ब्राउझरसाठी ३२ म्हणजे दुकानदाराचा फायदा. ८ जीबी आहे पण डिस्क जुनी फिरती असेल, तर रॅमच्या आधी एसएसडी बसवा; फरक जास्त जाणवेल.

दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' पाहून फोटो काढा. 'रो ऑफ चिप्स' असं लिहिलं असेल तर रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि बहुधा वाढवता येत नाही. डीडीआर-३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. वॉरंटीतला लॅपटॉप असेल तर रॅम वाढवल्याने वॉरंटी जाते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. जुनी रॅम काढली तर ती तुमची आहे, मागून घ्या. बिलावर रॅमचा सिरियल नंबर लिहून घ्यायला संकोचू नका. एका दुकानातून मी 'नवी' म्हणून आणलेल्या पट्टीवर आधीच्या मालकाच्या ऑफिसचं लेबल चिकटलेलं निघालं होतं, आणि माझ्याकडे पक्कं बिल नव्हतं.

माल सदोष निघाला आणि दुकान ऐकत नसेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्या. पुढे ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला हे संरक्षण नाही. कंपनीच्या नावाने दहा कॉम्प्युटर घेतलेत तर तुम्ही 'ग्राहक' ठरणं कठीण आहे. स्वतः बसून सेवा केंद्र चालवणारा किंवा एकट्याने रिटर्न भरून पोट भरणारा कर सल्लागार यांची गोष्ट वेगळी: स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेली खरेदी कायद्याने व्यापारी धरलेली नाही. त्यामुळे बिल कोणाच्या नावाने फाडता, याचा खरेदीच्या वेळीच विचार करा.

पुढच्या महिन्यात ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायला बसाल, तेव्हा काम सुरू असतानाच एकदा शिफ्ट आणि एस्केप दाबा. यादीत सगळ्यात वर कोणाचं नाव आहे आणि आकडा किती, ते आम्हाला लिहून कळवा.